भाकरीतले अपूर्णांक

सातारा-सांगलीकडच्या घरात मूल शाळेत जाण्यापूर्वीच अपूर्णांक बोलू लागते. ‘अर्धी भाकरी घे’, ‘चतकोर पुरे’, ‘पाव किलो कंदी पेढे आण’ हे त्याच्या कानांवरून नेहमी जात असते. (वडापावातला पाव मात्र निराळा, तो शब्द पोर्तुगीजांकडून आला.) पण १/३ आणि १/४ यांत मोठा कोणता, असे वर्गात विचारले की पुष्कळ मुले १/४ म्हणतात, कारण चार तिनाहून मोठे! घरातला चतकोर आणि फळ्यावरचा एक छेद चार ही एकच गोष्ट आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून अपूर्णांकांचा पहिला तास भाकरीवर व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तीन भाकऱ्या चौघांत सारख्या वाटा. दोन भाकऱ्यांचे चार अर्धे होतील, तिसरीचे चार चतकोर. प्रत्येकाला अर्धी आणि चतकोर, म्हणजे पाऊण भाकरी मिळाली. १/२ + १/४ = ३/४. जो अंशात अंश व छेदात छेद मिळवून २/६ लिहितो, त्याला विचारावे, “२/६ म्हणजे १/३. अर्ध्या भाकरीत चतकोर घातल्यावर ती अर्ध्याहून कमी कशी झाली रे?” आता हेच उलट करा. तीन भाकऱ्यांत पाऊण-पाऊण खाणारे किती जण जेवतील? चार. म्हणजे ३ ÷ ३/४ = ४. भागाकार करूनही उत्तर मोठे का येते, हे येथे दिसते; ‘उलटा करून गुणा’ एवढ्या पाठांतराने ते कळत नाही.

ही युक्ती नवी नाही. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधील ऱ्हाइंड पपायरसमध्ये दहा माणसांत भाकऱ्या वाटण्याची उदाहरणे आहेत.

भाकरीचे तीन सारखे भाग हाताने होणे कठीण. तेथे चौकोनी ताटातली वडी बरी. तीन ओळींत चार-चार अशा बारा वड्या पाडल्या, तर तिसरा हिस्सा चार वड्यांचा आणि चौथा तीन वड्यांचा. मात्र पूर्ण वस्तू एकच हवी. अर्धा फुलका आणि अर्धी भाकरी यांची तुलना करू नये.

१९५७ साली दशमान नाणी आली, १९५८ पासून शेराच्या जागी किलोग्रॅम येऊ लागला, आणि पावकी-निमकी, सवायकी-दिडकी हे पाढे मागे पडले. ते सगळे पुन्हा घोकावेत असे मी म्हणणार नाही. पण पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द वर्गात रोज यावेत.

भाकरीलाही मर्यादा आहे. ‘पूर्णातला भाग’ एवढेच डोक्यात बसले की ५/४ पाहून मूल गोंधळते. चार तुकड्यांतून पाच कसे घ्यायचे? तेव्हा दुसरी भाकरी आणावी, सव्वा म्हणावे, आणि मग कापड मोजायच्या टेपवर सव्वा मीटरची खूण मुलालाच करू द्यावी: १ मीटरच्या पुढे २५ सेंटिमीटरवर.