पायाळू बाळ आणि आपली जयणा



दोन महिन्यांपूर्वी माझी पुतणी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, म्हणजे आमच्याच घरी, कवठे येमाईला. छत्तिसाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टमध्ये एक शब्द आला : ब्रीच. बाळाचं डोकं वर, ढुंगण खाली.

संध्याकाळपर्यंत घरात प्रत्येकाचं एक मत तयार झालं. आत्याबाई म्हणाल्या, "पायाळू होणार, भाग्याचं असतं." शेजारच्या काकूंना पोट चोळून बाळ फिरवणारी एक बाई माहीत होती. व्याह्यांचा फोन आला, "आमच्याकडे सगळ्यांचं नॉर्मल झालंय, सिझेरियनची घाई नको." पोरगी मात्र गप्प होती. रात्री ओटा आवरताना मला हळूच म्हणाली, "काकू, चौथ्या महिन्यापासून माझा चौविहार सुटला. म्हणून तर नाही ना झालं हे?"

त्या एका प्रश्नामुळे आज लिहिते आहे.

आधी तिला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात साधारण पाचातलं एक बाळ असं उलटं असतं. बहुतेक बाळं पुढे आपोआप फिरतात आणि दिवस भरताना शंभरात तीन-चारच तशी राहतात. कधी गर्भाशयाचा आकार, कधी वार खाली असणं, कधी पाणी कमी-जास्त असणं हे कारण असतं. पुष्कळदा कारण सापडतच नाही. आईनं काय खाल्लं, कोणतं पच्चक्खाण मोडलं, याचा इथे काही संबंध नाही.

आता पायाळूचं. आपल्या भागात पायाळू माणसाची लाथ लागली की उसण जाते म्हणतात. त्याला जमिनीतलं पाणी कळतं म्हणून विहिरीची जागा दाखवायला बोलावतात, आणि पावसात वीज त्याच्यावर पडते म्हणून त्याला घरात बसवतात. या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या आहेत. पण मला वाटतं, या कौतुकामागे एक दुःख दडलेलं आहे. पूर्वी पायाकडून आलेलं बाळ आणि त्याची आई दोघं सुखरूप राहणं हेच नवल होतं. जे वाचले त्यांच्या गोष्टी झाल्या. जे गेले त्यांच्याबद्दल कोणी बोललं नाही.

डॉक्टरांनी आमच्यापुढे तीन वाटा ठेवल्या.

पहिली, पोटावरून बाहेरून हातानं बाळ फिरवून पाहणे. डॉक्टर त्याला ईसीव्ही म्हणतात. साधारण निम्म्या वेळा ते जमतं, पहिलटकरणीत थोडं कमी. ऐकायला हे त्या चोळणाऱ्या बाईसारखंच वाटतं, पण फरक मोठा आहे. इथे आधी सोनोग्राफीत वार आणि बाळ पाहतात, आधी आणि नंतर बाळाचे ठोके मोजतात आणि ठोके बिघडले तर शेजारी ऑपरेशन थिएटर तयार असतं. घरी चोळताना वार सुटली तर ते कळणार कोणाला?

दुसरी, ब्रीच असतानाच नैसर्गिक बाळंतपण. ते अशक्य नाही. पण यात सगळ्यात मोठा भाग, म्हणजे डोकं, शेवटी येतं आणि अडकलं तर हातात मिनिटं असतात. आधी पाय येत असतील तर नाळ खाली घसरण्याची भीती जास्त.

तिसरी, ठरवून केलेलं सिझेरियन.

या विषयावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास 2000 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. 26 देशांतल्या 2,088 बायका त्यात होत्या. ठरवून सिझेरियन केलेल्या गटात बाळ दगावण्याचं किंवा गंभीर आजारी होण्याचं प्रमाण 1.6 टक्के होतं, नैसर्गिक बाळंतपण ठरवलेल्या गटात 5 टक्के. त्यानंतर जगभर ब्रीच म्हणजे सिझेरियन असं होऊन बसलं. पण 2004 साली त्यातली काही मुलं दोन वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिली, तेव्हा मृत्यू आणि वाढीतली मागासलेपणाची लक्षणं मिळून दोन्ही गटांत फरक दिसला नाही. शिवाय सिझेरियनचा व्रण पुढच्या बाळंतपणातही जोखीम आणतो. आपण अनेकांत मानणारी माणसं. एकच वाट सगळ्यांसाठी खरी, असं इथेही नाही.

मग ठरवायचं कसं? माझं मत स्पष्ट आहे. हा निर्णय बाईच्या धीरावर घ्यायचा नाही, दवाखान्याच्या तयारीवर घ्यायचा. ब्रीच बाळंतपण हातानं केलेले किती अनुभवी डॉक्टर तिथे आहेत? रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ येतील का? रक्त मिळेल का? बाळाचे डॉक्टर आहेत का? आणि आमच्यासारख्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, घरापासून तिथे पोचायला किती वेळ? कवठ्याहून शिरूर किंवा मंचर गाठायचं, तिथून गरज पडली तर पुणे. रात्री अचानक पाणी गेलं तर रस्ता आपला धीर बघत नाही.

आपल्याच शिरूर तालुक्यात, वढू बुद्रुकला, पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी 1970च्या दशकात गावातल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन उभं केलं. त्या स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या, 1993 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अडचण गावातच आणि वेळेवर ओळखता आली पाहिजे, ही त्यामागची दृष्टी मला फार मोलाची वाटते.

घरात शेवटी "कर्मात असेल ते होईल" हे वाक्य आलंच. मी म्हटलं, आपल्या धर्मात पाच समवाय सांगितले आहेत : काल, स्वभाव, नियती, कर्म आणि पुरुषार्थ. पाचवा आपण का गाळतो? पाणी गाळताना, धान्य निवडताना आपण जयणा पाळतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवासाठी एवढी काळजी, आणि पोटातल्या पंचेंद्रिय जीवाच्या वेळी "बघू काय होतं ते"?

पर्युषणात आपण कल्पसूत्र ऐकतो. आईला त्रास नको म्हणून गर्भातले महावीर स्थिर झाले आणि त्रिशलामाता व्याकूळ झाली. हालचाल पुन्हा जाणवली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. त्या मातेला कोणी "उगाच घाबरतेस" म्हटलं नाही. आपल्या सुनांनाही म्हणू नये. शेवटच्या आठवड्यांत हालचाल कमी वाटली तर त्याच दिवशी दवाखाना.

आम्ही बाळ फिरवून पाहिलं. फिरलं नाही. सिझेरियन ठरलं, तर मुहूर्ताची चर्चा सुरू झाली. कोणीतरी अडतिसाव्या आठवड्यातला उत्तम चौघडिया काढून आणला. डॉक्टरांनी सांगितलं, कारण नसताना एकोणचाळीस आठवड्यांच्या आधी काढलं तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. जाऊबाईंनी कागदाची घडी केली आणि डब्यात ठेवून दिली. बाळाची फुप्फुसं तयार होणं हाच मुहूर्त.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. व्याही पेढे घेऊन आले, नॉर्मलचा विषय कोणी काढला नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ब्रीच बाळाच्या खुब्याचा सांधा कच्चा असू शकतो, म्हणून साधारण सहाव्या आठवड्यात त्याची सोनोग्राफी करून घ्यायची. तोवर मालीशवाल्या बाईंना पाय ओढू देऊ नका आणि दुपट्यात पाय सरळ करून घट्ट बांधू नका. आमची तारीख पुढच्या मंगळवारी आहे.

काल आत्याबाईंनी विचारलं, "पोट कापून काढली, मग हिला पायाळू म्हणायचं की नाही?" पुतणी खळखळून हसली. त्या रात्रीनंतर मी तिला असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.