मुक्त बाजाराची लोककथा

घरांच्या किमतींचा विषय निघाला की आपल्याकडे तत्काळ दोन तट पडतात. सरकारने हात काढून घ्यावा, घरे आपोआप स्वस्त होतील, असे एक तट म्हणतो. भाडे गोठवा, गरीब तरेल, असे दुसरा. आमच्या मते दोघांचा आधार एकच लोककथा आहे : नियमांवाचून चालणारा घरांचा बाजार कोठेतरी नांदतो आहे.

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरातून पाहिले म्हणजे ही कथा किती पोकळ आहे ते कळते. आयुध निर्माणीच्या या वसाहतीत क्वार्टर मिळते ते हुद्द्याप्रमाणे. राहणाऱ्याचा घरभाडे भत्ता बंद होतो आणि पगारातून अल्पसे परवाना शुल्क कापले जाते. पागडी नाही, दलाल नाही. मात्र नियंत्रणवाद्यांनी हुरळून जाऊ नये. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावेच लागते, आणि उमेदीची सारी वर्षे बाजाराबाहेर काढलेला माणूस साठाव्या वर्षी त्याच बाजारात नवखा म्हणून उभा राहतो. शिवाय १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेला. कंपनीच्या ताळेबंदात कामगाराचे घर मत्ता ठरते की ओझे, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

मुंबईत याच कथेचे दुसरे रूप दिसते. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू टिकला, हे खरे. पण मालकाने दुरुस्ती सोडली आणि पागडीचा काळा व्यवहार फोफावला. १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ही गोठवणूक आता समर्थनीय राहिली नसल्याचे म्हटले. पुढे १९९९चा कायदा आला. त्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढ दिली आणि १ कोटी रुपये वा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्यांना संरक्षणातून वगळले. येथवर बाजारवाद्यांचे म्हणणे आम्ही मान्य करतो.

पुढचे मात्र नाही. १९७६च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मुंबईत रिकाम्या जमिनीची मर्यादा ५०० चौरस मीटर ठरवली होती. तो रद्द करा, जमीन खुली होईल, भाव उतरतील, असे आश्वासन होते. महाराष्ट्राने २००७मध्ये तो रद्द केला. भाव उतरले काय? २०११च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. म्हणजे घरे नाहीत हे कारणही पुरते खरे नव्हे. आणि ज्याला 'मुक्त' म्हणतात तो बिल्डरांचा बाजार तरी कशावर उभा आहे? चटई क्षेत्र निर्देशांकावर, हस्तांतरणीय विकास हक्कांवर, गिरण्यांच्या जमिनींसाठी २००१मध्ये बदललेल्या नियमावर. हे सारे सरकारी कागद आहेत. नियंत्रण गेले नाही. त्याचा लाभार्थी तेवढा बदलला.

या गोंधळात आम्हा साहित्याच्या मंडळींचा वाटा लहान नाही. आम्ही वर्गात चाळ शिकवतो ती शेजारधर्म, गॅलरी आणि गणेशोत्सव म्हणून. 'बटाट्याची चाळ'मधील माणसे एकमेकांना इतकी वर्षे सहन करतात, यामागे स्वभावाइतकाच भाडेकायदाही असेल, ही शंका आमच्या टिपणांत येत नाही. जयंत पवारांच्या 'अधांतर'मधील गिरणगावचे कुटुंबही आम्ही 'मूल्यांच्या पडझडी'त जमा करून मोकळे होतो. पायाखालची जमीन कोणत्या नियमाने कोणाकडे जाते, हे आम्हांला साहित्यबाह्य वाटते. साहित्यबाह्य! घर हा शब्द ज्यांच्या कवितेत उठता-बसता येतो, त्यांच्या तोंडी हे शोभत नाही.

म्हणून पुढच्या सत्रात 'अधांतर' शिकवताना फळ्यावर १९४७, १९९९ आणि २००७ ही साले लिहावीत. त्या वर्गात जवाहरनगरच्या क्वार्टरमधून आलेला विद्यार्थी असेल, तर पहिला प्रश्न त्याला विचारावा : वडील निवृत्त झाल्यावर कोठे जाणार?