जुनी पिकअप घेताना

जुनी पिकअप पाहायला गेलेला माणूस आधी रंग पाहतो, मग बॉनेट उघडायला लावतो, मग एक चक्कर मारतो. कागद मागतो तो सर्वांत शेवटी, चहा झाल्यावर. माझ्या मते हा क्रम उलटा हवा.

इंजिन हा दुरुस्तीचा विषय आहे. निळा धूर येत असेल तर ते ऑईल खाते. ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर पाणी मिसळले आहे. दोन्हींचा खर्च मिस्त्रीला विचारून किमतीतून वजा करता येतो. आम्ही कॉमर्सवाले तर घसाऱ्याची पानभर आकडेमोड करून दाखवू. पण चॅसीवरचा नंबर आर. सी. बुकाशी जुळला नाही, तर वजा काय करणार? तो नंबर गंज खरवडून स्वतः वाचावा, कागद ठेवून पेन्सिलीने उमटवून घ्यावा. भोवती वेल्डिंगची खूण दिसली तर सरळ घरी यावे.

ओळख पटवणे हेही कामच आहे. जीपच्या घराण्यातली एफसी-१५० घ्या. विलीजने ती १९५६ साली अमेरिकेत आणली आणि पुढे महिंद्रांनी इकडे काढली. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल: बॉनेट पुढे नाही, ड्रायव्हर जवळजवळ इंजिनावरच बसतो. मूळचे हरिकेन इंजिन पेट्रोलवरचे, चार सिलिंडरचे, सुमारे २.२ लिटरचे. त्यात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. आत डिझेल इंजिन धडधडत असेल तर ते मागाहून बसवलेले. पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून पुष्कळ जीपगाड्यांत असे बदल झाले. त्यांना मी दोष देत नाही, मात्र तो बदल आर. सी. बुकात चढला आहे का, हे पाहायलाच हवे. पत्र्याला लोहचुंबक लावून पाहावे. खाली जाड पुट्टी असेल तिथे ते चिकटत नाही.

आमच्या सीमाभागात आणखी एक गुंता. मिस्त्री कन्नडात बोलतो, मालक मराठीत, आणि कागद इंग्रजीत. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, मग म्हैसूर राज्यात, आणि १९७३ साली त्याच राज्याचे नाव कर्नाटक झाले. त्यामुळे जुन्या कागदांवर राज्याचे नाव वेगळे दिसले तर घाबरू नये. (गाडी जागच्या जागी, राज्य तेवढे हलले!) घाबरावे ते कोल्हापूरची गाडी एनओसीशिवाय 'स्वस्तात' मिळत असेल तर. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवायच्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी एनओसी लागते.

अलीकडे विकणारे एक नवा शब्द वापरतात: विंटेज. तेवढ्यावर भाव चढतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडीच विंटेज ठरते. नव्या विंटेज नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. ती गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला वा दुरुस्तीला नेता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. म्हणजे डिझेल इंजिन बसवलेली गाडी 'विंटेज' म्हणून दाखवायची आणि वर 'हौद्यात टनभर पोती आरामात जातात' असेही सांगायचे, हे एका तोंडाने जमत नाही. अशा वेळी मालकाला एवढेच विचारावे, की दोहोंपैकी कोणत्या गाडीची किंमत तुम्ही सांगताय?