जोडधंदा की जोडतोटा?



कापसाचा भाव पडला की सल्ले देणाऱ्यांचे पीक जोमात येते. मंत्री सांगतात, बँकेचा साहेब सांगतो, आकाशवाणीवरचे तज्ज्ञ सांगतात : गाय घ्या, दूध घाला, जोडधंदा करा. कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्याचे दुखणे काहीही असो, औषध एकच. मूळ धंदा तोट्यात का, हे कोणी विचारायचे नाही. जो धंदा जोडायचा तो तरी नफ्यात आहे का, हेही विचारायचे नाही. पहिल्या प्रश्नावर या पानांतून आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. आज दुसरा घेऊ.

२००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्यात निम्म्या अनुदानावर दुभती जनावरे वाटण्याची योजना होती. शेतात पाणी नाही, बांधावर हिरवा चारा नाही, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर, आणि दावणीला संकरित गाय! कित्येकांनी ती गाय लवकरच बाजार दाखवून मोकळी केली. तेव्हा शहरातले शहाणे म्हणाले, शेतकऱ्याने अनुदान खाल्ले. आमच्या मते त्या शेतकऱ्याने हिशेब केला. जो हिशेब योजना आखणाऱ्यांनी केला नाही तो त्याच्या बायकोने आठ दिवसांत केला असेल.

हा हिशेब कागदावर मांडून पाहू. दुधाचा हिशेब सांगणारा माणूस नेहमी लिटरवर बोलतो : गाय दहा लिटर देते, लिटरला इतके, महिन्याला इतके. आम्हाला कृषी महाविद्यालयातही असाच शिकवला, आणि तोही बागायती गोठ्याचा. पण गाय बारा महिने दूध देत नाही आणि बारा महिने खाते. म्हणून हिशेब धारेचा नको, वेताचा हवा. आज व्याली तिथपासून पुन्हा व्याली तिथपर्यंत.

समजा, संकरित गाय ७०,००० रुपयांना घेतली. ३०० दिवस सरासरी ८ लिटर दूध दिले, म्हणजे वेताला २,४०० लिटर. दोन वेतांत अंतर १६ महिने, म्हणजे ४८० दिवस. त्यातले १८० दिवस भाकड. आपल्याकडे हे अंतर मुळीच जास्त धरलेले नाही. पुढचे भाव धरलेले आहेत, आपल्या बाजारचे असतील ते घाला. दुभत्या दिवसांत रोज ६ किलो कडबा ५ रुपयांनी, १५ किलो हिरवा चारा २ रुपयांनी, ४ किलो पेंड ३५ रुपयांनी : दिवसाला २०० रुपये, वेताला ६०,०००. भाकड दिवसांत ७ किलो कडबा, १० किलो हिरवे, १ किलो पेंड : दिवसाला ९० रुपये, एकूण १६,२००. शेणगोठा, धार, चारापाणी यांत रोज दोन तास जातात. ३०० रुपये रोजाच्या हिशेबाने ७५ रुपये, ४८० दिवसांचे ३६,०००. औषध, रेतन, खनिज मिश्रण ३,०००. कर्जाचे व्याज १२ टक्क्यांनी ११,२००. आणि पाच वेतांनंतर गाय २०,००० ला गेली असे धरले तर प्रत्येक वेताला १०,००० रुपये घसारा. बेरीज १,३६,४०० रुपये.

यातून शेणखताचे ९,००० आणि वासराचे सरासरी ५,००० वजा करा. उरतात १,२२,४००. भागिले २,४०० लिटर, म्हणजे लिटरला ५१ रुपये. आणि डेअरीकडून हाती पडतात समजा ३२.

कोणी म्हणेल, आमच्या गावात चार गाईंवर संसार चालवणारे लोक आहेत, ते काय वेडे आहेत? ते वेडे नाहीत. त्यांच्या हातात पैसा येतो हे खरे आहे. दुधाचे आले ७६,८००. रोख बाहेर गेले पेंडीचे ४८,३०० आणि औषधपाण्याचे ३,०००. उरले २५,५००. पण हे २५,५०० कुठून आले? घरच्या कडब्याची आणि चाऱ्याची किंमतच २७,९०० होते. चारा नुसता विकला असता आणि घरच्या बाईने दोन तास जास्त झोप घेतली असती, तरी याहून जास्त पडले असते. वर बँकेचे व्याज आहेच. ज्याला आपण दुधाचा नफा म्हणतो तो आपलाच कडबा आणि आपल्याच घरातल्या बाईचा घाम आहे, डेअरीच्या चिठ्ठीवर लिहून परत आलेला, आणि तोही पूर्ण नाही.

पेंडीची गोष्ट तर कापूसवाल्याने नीट ऐकावी अशी आहे. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते आणि ६४ किलोच्या आसपास सरकी. सरकीचे तेल काढले की पन्नास-पंचावन्न किलो पेंड उरते. वरच्या हिशेबात गाईने एका वेताला १,३८० किलो पेंड खाल्ली. सगळी सरकीचीच धरली तर ती २५ क्विंटल कापसातली पेंड झाली. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल धरले तर पाच-सहा एकरांचा कापूस! म्हणजे आपण पाच-सहा एकरांतला कापूस सरकीसकट बाजारात टाकायचा आणि त्याच सरकीची पेंड पोत्यापोत्याने उधारीवर परत आणायची. दोन्ही वेळा भाव ठरवणार दुसराच. शेतात मागे काय उरते? पऱ्हाटी. ती गाय खात नाही.

ज्वारी होती तेव्हा निदान कडबा होता. आधी संकरित ज्वारीने ताट बुटके केले, मग रेशनच्या गहू-तांदळाने ज्वारीचे गिऱ्हाईक पळवले, मग सोयाबीन आले. सोयाबीनच्या कुटारावर बैल जगतो, दूध निघत नाही. एका जनावराला वर्षाला २३-२४ क्विंटल कडबा लागतो. तेव्हा आधी गंजी मोजावी आणि मग दावण. अहिल्यानगर, सांगली, कोल्हापूरकडच्या गोठ्यांची सहल काढून आणणारे अधिकारी तिथली गाय दाखवतात, तिथला कालवा, घासाचे वाफे आणि उसाचे वाढे दाखवत नाहीत.

आता आपल्या हातात काय आहे तेही सांगितले पाहिजे. सगळे सरकारवर ढकलून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. १६ महिन्यांचे वेत १३ महिन्यांवर आले, तर ९० भाकड दिवस वाचतात. वरचाच हिशेब पुन्हा मांडला तर खर्च ५१ वरून ४५ वर येतो. लिटरला सहा रुपये! सरकारने २०२४ च्या जानेवारीत मोठा गाजावाजा करून दिलेले अनुदान पाच रुपये होते. गाय व्याल्यावर दोन-तीन महिन्यांत भरली गेली पाहिजे, एवढेच याचे गणित. माज २१ दिवसांनी येतो आणि काही तासांत जातो. एक माज चुकला की २१ दिवसांचा भाकड चारा आणि मजुरी मिळून ३,४६५ रुपये गेले. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. भरल्यावर तीन महिन्यांच्या आत गाभण तपासून घ्यावी. उलटलेली गाय गाभण समजून सहा महिने पोसणारे गोठे आम्ही दर तालुक्यात पाहतो. कडबा कुट्टी करून घालावा, पायाखाली तुडवला जातो तो वाचतो. ज्वारी हिरवी असताना थोडी मुरघासाला घालता आली तर उन्हाळा निभतो.

आणि माज कोणाला दिसतो? धार काढणाऱ्या बाईला. गाय हंबरते, दूध चोरते, सोट टाकते, हे तिला पहाटेच कळते. पण रेतनवाल्याला फोन करायचा तर मोबाईल कारभाऱ्याच्या खिशात, आणि डेअरीचे पासबुकही त्याच्याच नावावर. जिचे काम तिच्या हाती पैसा गेला तर भाकड दिवस आपोआप कमी होतील, असे आमचे अनुभवाचे मत आहे.

एवढे सगळे केले तरी खर्च ४५ आणि भाव ३२. उरलेले तेरा रुपये गोठ्यात सापडणार नाहीत.

त्यातले काही कायद्याने नेले आहेत. गोहत्येला १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. २०१५ च्या मार्चपासून बैल आणि वळूही त्यात आले, आणि व्यापारी बाजारात जनावराला हात लावायला घाबरू लागला. संकरित गोऱ्हा उन्हात औताला टिकत नाही. पूर्वी त्याला निदान गिऱ्हाईक होते, आता तो रात्रीचा रस्त्यावर सोडला जातो आणि आपलाच हरभरा खातो. म्हाताऱ्या गाईचे २०,००० आले नाहीत तर लिटरमागे आणखी १ रुपया ६७ पैसे वाढले. ती दावणीला पोसली तर वर्षाला ३२,८५० रुपयांचा चारा. गाईला माय आम्हीही म्हणतो. पण तिच्या म्हातारपणाचा खर्च एकट्या शेतकऱ्याने का सोसावा? ज्यांना पुण्य हवे त्यांनी चाऱ्याचे पैसे पाठवावेत.

म्हशीला ती बंदी लागू नाही, म्हणून आटलेल्या म्हशीलाही बाजारात किंमत आहे. आपल्याकडची नागपुरी म्हैस उन्हाला आणि कडब्याला सरावलेली आहे, फॅटही चांगले लागते. तिचे वेत लांबते आणि उन्हाळ्यात माज मुका राहतो, हे खरे. तरी कर्जाच्या संकरित गाईपेक्षा घरच्या चाऱ्यावर मावेल एवढी एखादी म्हैस कोरडवाहूवाल्याला कमी बुडवते, असे आम्ही म्हणू.

भावाचे काय? २०२३ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या गाईच्या दुधाला किमान ३४ रुपये ठरवले. वर्ष संपायच्या आत डेअऱ्या २७ वर आल्या आणि कोणाचेही काही बिघडले नाही. मग सरकारने २७ हाच भाव मान्य करून वर पाच रुपये अनुदान दिले, तेही गाईच्या कानात बिल्ला आणि खाते आधारला जोडलेले असेल तर. भाव चढतो तेव्हा मात्र सरकारचा हात लांब असतो : २०११ च्या फेब्रुवारीत दूध पावडरची निर्यात बंद केली ती २०१२ च्या जूनमध्ये उठवली. पडत्या भावात मुक्त बाजार आणि चढत्या भावात बंदी, हे कापसात आपण भोगले आहे. दुधात वेगळे काही नाही.

जिल्हा बैठकीत दुधाचा विषय दुपारच्या सत्रात आहे. येताना प्रत्येकाने आपल्या एका जनावराचा कागद आणावा : कधी व्याली, कधी भरली, कधी आटली, कडबा किती, पेंडीची बिले, डेअरीच्या चिठ्ठ्या. धार काढणाऱ्या बहिणींनी स्वतः यावे, तारखा त्यांच्याच लक्षात असतात. पन्नास कागद जमले तरी जिल्ह्याचा उत्पादनखर्च आपला आपण काढू आणि तोच आकडा घेऊन दूध संघाच्या दारात जाऊ. ज्यांच्याकडे या वर्षी कर्जाच्या गाईचा अर्ज आला आहे, त्यांनी सही करण्याआधी बैठकीला यावे.