परदेशी फळीवरचा घड

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी पट्ट्यात द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते : एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. हे वेळापत्रक जुनेच आहे. निर्यातीच्या बागेत मात्र गोडी छाटणीनंतरचे बहुतेक काम युरोपातल्या सुपरमार्केटांच्या मागणीप्रमाणे चालते. मणी साधारण १८ मिलिमीटरचा हवा, गोडी १६ ब्रिक्सच्या पुढे हवी, घडात दाटी नको. फुगवणीसाठी घड जिब्रेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवतात, छोट्या कात्रीने एकेका घडातले मणी विरळ करतात. या कामाला पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून मजूर येतात. त्यांत बायका मोठ्या संख्येने असतात. निर्यातीचा दर्जा त्यांच्या हातावर टिकून आहे, तरी निर्यातीच्या कौतुकात त्यांचे नाव क्वचितच निघते.

दक्षिण गोलार्धातला हंगाम सरत येतो आणि इजिप्त-स्पेनचा माल अजून यायचा असतो, त्या मधल्या काळात, मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल, युरोपात भारतीय द्राक्षांना जागा मिळते. तिथे चांगला दर मिळतो, पण अटीही कडक असतात. युरोपला माल पाठवायचा तर बागेची नोंदणी, फवारण्यांची नोंद आणि रसायनांच्या उर्वरित अंशाची तपासणी सक्तीची. त्यासाठी ‘अपेडा’ या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेने २००६ च्या सुमारास ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था उभी केली. या शिस्तीने बागायतदार रसायनांच्या वापराबाबत सावध झाला, ही तिची मोठी जमेची बाजू.

२०१० च्या हंगामात या व्यवस्थेतली उणीव उघडी पडली. वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश युरोपात मर्यादेपेक्षा जास्त आढळले. इथल्या तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हते. कंटेनर अडकले, दर कोसळले, बागायतदारांचे पैसे बुडाले. नियमाप्रमाणे चाललेल्यालाही झळ बसली, हा उघड अन्याय होता. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, भाडे वाढले, नाशवंत मालाचे प्रवासातले दिवस वाढले. या वाढीव खर्चाचा भार शेवटी बागेत मिळणाऱ्या दरावर येतो.

खाण्याच्या द्राक्षांच्या जोडीला वाईनही आली. १९९९ मध्ये ‘सुला’ या वाईन कंपनीची स्थापना झाली, २००१ मध्ये राज्याचे द्राक्षप्रक्रिया धोरण आले, आणि कुंभमेळ्याचे नाशिक मुंबईकरांच्या सुट्टीचेही ठिकाण झाले.

त्याहून खोल बदल वाणांच्या मालकीत झाला. थॉमसन सीडलेसच्या काड्या एका बागेतून दुसऱ्या बागेत सहज जात. तास-ए-गणेश, सोनाका हे वाण तर बागायतदारांनीच आपल्या बागांतून निवडून काढले. परदेशी कंपन्यांच्या नव्या रंगीत वाणांना स्वामित्वशुल्क द्यावे लागते, त्यांची काडी शेजाऱ्याला देता येत नाही. एकमेकांच्या बागा पाहून शिकणाऱ्या समाजाला ही अट जड जाते.

एकट्या बागायतदाराला अशा कंपनीशी सौदा करणे अवघड आहे. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची ‘सह्याद्री’ ही शेतकरी उत्पादक कंपनी त्यामुळेच महत्त्वाची ठरते. पॅकहाउस, शीतगृह आणि निर्यात तिने सभासदांच्या मालकीत आणली. ‘आरा’ मालिकेतले परदेशी वाणही तिने करार करून सभासदांच्या बागांत लावले.