फाटकापाशी उभा असलेला नेपाळ

मुंबईच्या उपनगरांतील मध्यमवर्गाला नेपाळ दाखवून आणण्याचा धंदा आता बारमाही झाला आहे. अंधेरी-बोरिवलीत काय किंवा घाटकोपर-मुलुंडमध्ये काय, सहल काढणाऱ्यांची जाहिरात एकच सांगते की, हा चिमुकला डोंगराळ देश कोणत्याही ऋतूत पाहण्याजोगा आहे. शरदात आकाश निरभ्र असते म्हणून हिमशिखरे पाहावीत, वसंतात डोंगरउतारांवर लाली गुरांस फुलतो म्हणून त्या वाटा तुडवाव्यात, हिवाळ्यात तराईतील चितवनच्या अरण्यात गेंडे पाहावेत, आणि पावसाळ्यातही पर्जन्यछायेतल्या मुस्तांगचा रस्ता धरावा. या सांगण्यात खोटे काही नाही. महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान असलेल्या या देशात निसर्गाने खरोखरच सढळ हाताने दान टाकले आहे. शिवाय भारतीय नागरिकाला तेथे व्हिसा लागत नाही. पशुपतिनाथाचे दर्शन घ्यावे, पोखऱ्याला फेवा तलावात नाव फिरवावी आणि आठवड्याभरात घरी परतावे, इतके ते सोपे आहे.

असे एखादे कुटुंब सहल आटोपून रात्री उशिरा आपल्या सोसायटीच्या फाटकाशी उतरते, तेव्हा ते फाटक उघडणारा माणूस पुष्कळदा नेपाळचाच असतो. पेट्या लिफ्टपर्यंत तोच वाहून नेतो. नेपाळ किती सुंदर आहे, हे त्यालाच कौतुकाने ऐकवले जाते. त्याचे गाव कोणत्या जिल्ह्यात आहे, हा प्रश्न मात्र त्याच्या दहा-दहा वर्षांच्या नोकरीत कोणी विचारलेला नसतो. त्याला नावही नसते. तो ठाकुरी असो, क्षेत्री असो, दलित असो वा थारू असो, उपनगराच्या लेखी तो ‘बहादूर’ किंवा नुसता ‘गुरखा’. ज्या समाजात नोकराचे नाव विसरणे हा मालकाचा हक्क समजला जातो, त्या समाजाने हिमालय पाहिला काय आणि न पाहिला काय, सारखेच!

या माणसाच्या दिवसाचा हिशेब अवघड नाही. बारा तासांची पाळी ही रखवालदारीच्या धंद्यात सर्वत्र रुळलेली रीत आहे. आठवडी सुट्टी नाही, म्हणजे आठवड्याचे चौऱ्याऐंशी तास झाले. आठ तासांच्या दिवसासाठी जगभरच्या कामगारांनी शतकभर लढा दिला. तो लढा गिरणगावाने जिंकला, परंतु उपनगरातील सोसायटीच्या फाटकाबाहेर तो अजून उभाच आहे. पाळी संपल्यावर पहाटे मोटारी धुवायच्या, पाण्याचा पंप चालू करायचा, आणि जिन्याखाली किंवा मीटरच्या खोलीशेजारी अंग टाकायचे. बायको बरोबर असली तर तिने त्याच इमारतीत चार घरची धुणीभांडी करायची. रात्री शिट्टी वाजवत गल्लीतून फिरणाऱ्या गुरख्याला तर पगार म्हणूनही काही मिळत नाही. महिन्याच्या सुरुवातीला दारोदार फिरून, लोक देतील ते घेऊन त्याला जगावे लागते.

आता ऋतूंचा प्रश्न पाहू. मुंबईत येणाऱ्या नेपाळी श्रमिकांत पश्चिम नेपाळच्या अछाम, डोटी, बझांग अशा डोंगरी जिल्ह्यांतील माणसे फार मोठ्या संख्येने आहेत. त्यांचा घरचा रस्ता विमानाचा नव्हे. आगगाडीने दिल्ली, तेथून बसने बनबसा, मग महाकाली ओलांडून पुन्हा बस, आणि पुष्कळांच्या बाबतीत शेवटची मजल पायी. असारात भातलावणी असते तेव्हा घरी हातांची गरज असते, पण पावसाळ्यात सोसायटी त्याला सोडत नाही. दशैंचा सण आपल्या नवरात्रातच येतो, आणि ऐन सणासुदीत लोक गावाला जातात म्हणून सोसायटीला पहारा अधिक कडक हवा असतो. रजा मिळालीच तर बदली माणूस त्यानेच शोधून द्यायचा आणि त्या दिवसांचा पगार गमवायचा. सारांश, नेपाळ कोणत्याही ऋतूत पाहता येतो तो अंधेरीच्या प्रवाशाला. अछामच्या माणसाला स्वतःचा देश पाहायला वर्षातला एकही ऋतू मोकळा नसतो.

यावर काही ठरावीक आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, पर्यटनाने नेपाळचे भले होते, तेव्हा सहलीला नावे का ठेवावीत? सहलीला नावे ठेवण्याचे कारणच नाही. पण भले कोणामुळे होते, याचा हिशेब नीट मांडला पाहिजे. नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पाव हिश्श्याएवढी रक्कम परदेशांत राबणारे नेपाळी घरी धाडतात. पर्यटनाची मिळकत तिच्यापुढे फारच थोडी भरते. तो देश तोलून धरला आहे तो पाहुण्यांनी नव्हे, तर घराबाहेर पडलेल्या मजुरांनी.

दुसरा आक्षेप असा की, ही माणसे आपखुशीने येतात आणि गावी मिळाले नसते ते येथे मिळवतात. कोकणातून गिरणीत आलेल्या मराठी माणसाबद्दल गिरणीमालक नेमके हेच म्हणत असत! उपासमार आणि बारा तासांची पाळी यांतून दुसरीची निवड करणे याला आपखुशी म्हणायचे असेल, तर शोषण हा शब्दच कोशातून काढून टाकावा लागेल.

तिसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि तो भूमिपुत्रांच्या नावाने केला जातो. परका माणूस स्वस्तात राबतो आणि मराठी तरुणाची नोकरी जाते, असे म्हटले जाते. यातला अर्धा भाग खरा आहे. स्वस्त श्रमामुळे सर्वांच्याच मजुरीला खाली ओढ बसते. परंतु श्रम स्वस्त कोणी केला? तो नेपाळीने नव्हे, विकत घेणाऱ्याने केला. फाटकावरच्या माणसाला कायद्याप्रमाणे वेतन आणि आठ तासांची पाळी मिळाली, तर त्याच्या स्वस्ताईचा धाक कोणाही मराठी तरुणाला उरणार नाही. १९५० च्या भारत-नेपाळ कराराने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या प्रदेशात राहण्याची, फिरण्याची व व्यापार करण्याची मुभा दिली आहे. कायद्याच्या दृष्टीने नेपाळी येथे घुसखोर नाही. त्याला तसे वागवण्यात सोय आहे ती फक्त मालकाची.

समाजवादी चळवळीच्या बाबतीत तर हा केवळ दयाबुद्धीचा मामला नाही, तो ऋणाचा मामला आहे. १९४२ मध्ये मुंबईतून चाललेल्या गुप्त काँग्रेस रेडिओशी संबंध असलेले डॉ. राममनोहर लोहिया आणि हजारीबागचा तुरुंग फोडून निसटलेले जयप्रकाश नारायण, हे दोघेही १९४३ मध्ये नेपाळच्या तराईत आश्रयाला होते. तेथे आझाद दस्त्याची उभारणी झाली. दोघे पकडले गेले तेव्हा हनुमाननगरच्या पहाऱ्यावर हल्ला चढवून त्यांना सोडवण्यात आले, आणि त्यांना मदत केल्याबद्दल नेपाळी माणसांनी राणा राजवटीचा तुरुंगवास भोगला. पुढे १९४९ मध्ये बी. पी. कोइराला काठमांडूच्या कैदेत उपोषण करीत असता त्यांच्या सुटकेसाठी दिल्लीत निदर्शने करणारे डॉ. लोहिया स्वतंत्र भारताच्या तुरुंगात गेले. कोइराला १९५९ मध्ये लोकांनी निवडलेले पहिले पंतप्रधान झाले, १९६० मध्ये राजाने त्यांना पदच्युत करून आठ वर्षे डांबले, आणि अखेर २००८ मध्ये तेथील राजेशाहीच संपली. या इतिहासावर व्याख्याने देणारे कार्यकर्ते उपनगरात आजही आहेत. त्यांच्यापैकी कित्येक जण आपापल्या सोसायट्यांच्या कार्यकारिणीवर आहेत. रखवालदाराचा पगार वाढवण्याचा विषय सभेत निघाला की ‘देखभाल-खर्च वाढेल’ असे सांगून तो पुढे ढकलणाऱ्यांत त्यांचाही हात वर असतो, हे कटू असले तरी बोलून दाखवणे भाग आहे.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने या संबंधांचे खरे स्वरूप उघडे केले. नेपाळची सीमा बंद झाली, परतणारे मजूर धारचुल्याला महाकालीच्या काठी अडकून पडले आणि काहींनी त्या वेगवान नदीत उड्या टाकून पलीकडचा किनारा गाठला. ज्या सीमेवर प्रवाशाला कोणी अडवत नाही, त्या सीमेवर मजुराला पोहावे लागले!

मग करावे काय? महाराष्ट्रात १९८१ चा खासगी सुरक्षा रक्षक कायदा आहे. माथाडींच्या १९६९ च्या कायद्याच्या धर्तीवर त्याने सुरक्षा रक्षक मंडळे उभी केली. परंतु हा कायदा मुख्यतः ठेकेदारामार्फत नेमलेल्या रक्षकांसाठी आहे. सोसायटीने परस्पर नेमलेला माणूस त्याच्या छायेत येत नाही. तो यावा, आणि नोंदणीत राष्ट्रीयत्वामुळे कोणी वगळला जाऊ नये, ही मागणी पक्षाने लावून धरली पाहिजे.

पण कायदा बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. जेथे पक्षाचा सभासद वा सहानुभूतीदार कार्यकारिणीवर आहे, तेथे पुढच्याच सर्वसाधारण सभेत त्याने ठराव मांडावा: आठ तासांची पाळी, कायदेशीर किमान वेतन, आठवडी सुट्टी, पंख्याची व संडासाची सोय असलेली खोली, आणि वर्षाकाठी एक महिन्याची भरपगारी रजा. बदली माणूस शोधण्याची जबाबदारी सोसायटीची असेल, हेही त्यात लिहून घ्यावे. दोनऐवजी तीन माणसे ठेवल्यास दरघरटी किती रुपये पडतात, याचा आकडा त्याने सभेपुढे ठेवावा आणि तो नेपाळच्या एका सहलीच्या खर्चाशेजारी मांडावा. ठराव फेटाळला गेला तरी चालेल, तो पुन्हा मांडता येतो. मात्र सभेला जाण्यापूर्वी कार्यकर्त्याने फाटकापाशी क्षणभर थांबून त्या माणसाला त्याचे नाव विचारून घ्यावे, आणि ठरावात ‘बहादूर’ न लिहिता तेच नाव लिहावे.