कोपरा भाड्याने मिळत नाही

पेडणे तालुक्यातल्या एका गावात गेल्या मोसमात कबड्डीची स्पर्धा झाली. बक्षीस समारंभाला एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. गावचे देणगीदार, चारचौघांत शब्दाला मान असलेले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: पेडणे-डिचोलीच्या संघांना चढाईपटूंची वानवा नाही, वानवा आहे ती कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या दांडग्या गड्यांची. आपली पोरे शीत-कडी खाणारी, हाडापेराने बारीक, पकड त्यांच्या रक्तातच नाही. तेव्हा घाटावरून, जमल्यास हरयाणातून, दोन-तीन आडदांड गडी आणावेत, सामन्यामागे काय ते द्यावे आणि चषक गावात आणावा. मंडप टाळ्यांनी दणाणला. मी मागच्या रांगेत होतो. तारुण्याची बारा वर्षे मी डावा कोपरा खेळण्यात घालवली आहेत. त्या टाळ्या मला अजून टोचतात, म्हणून हे लिहितो.

आधी त्यांच्या पदरात टाकायचे ते टाकतो. वानवा खरी आहे. मांद्र्यात जा नाहीतर मयेत जा, सरावाला आलेल्या वीस पोरांना विचारा, चढाईला कोण जाणार? वीसही हात वर येतील. कोपऱ्याला कोण उभा राहणार, असे विचारले की एकमेकांच्या तोंडाकडे बघणे सुरू होते. शेवटी जो उशिरा आलेला असतो किंवा ज्याला नाही म्हणता येत नाही, तो कोपऱ्यात जातो. रोग हाच आहे, यात वाद नाही. वाद आहे तो औषधाचा.

रक्ताचे आधी निपटतो. पेडणे महाल 1788 पर्यंत सावंतवाडीकरांकडे होता. आजही डिचोलीला लागून दोडामार्ग आहे आणि तेरेखोलच्या पलीकडच्या काठावर आपलेच सोयरे राहतात. पत्रादेवीचा नाका ओलांडला की माणसाच्या रक्तात पकड येते, असे कोणाला म्हणायचे असेल तर त्याने ते सिद्ध करावे. आणि शीत-कडीने हाडे बारीक होत असतील तर रायगड आणि रत्नागिरी हे कबड्डीचे बालेकिल्ले झाले कसे? तिथली माणसे काय ज्वारीची भाकरी आणि मटण खाऊन मैदानात उतरतात?

दांडगेपणाचेही तसेच. राष्ट्रीय नियमांनी पुरुष खेळाडूला 85 किलोच्या वर जाताच येत नाही, आणि आपल्याकडच्या कितीतरी गावांच्या स्पर्धा त्याहून खालच्या वजनगटांच्या असतात. शंभर किलोचा गडी तुम्ही आणाल, पण तो काट्यावरच बाद होईल.

आता मुख्य मुद्दा, गडी बाहेरून आणण्याचा. त्यावर मी सविस्तर बोलणार आहे, कारण हे औषध नसून रोग वाढवणारा काढा आहे, आणि आपले संघ तो गेली कित्येक वर्षे पीत आले आहेत.

कोपरा म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद. म्हणजे एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एका मीटरवर बोनस रेषा. बोनस रेषेपासून मागच्या अंतिम रेषेपर्यंत उरते ती जागा पावणेदोन मीटरची. या पावणेदोन मीटरच्या पट्टीत कोपरारक्षकाचा सगळा संसार. चढाईपटूकडे 30 सेकंद असतात. तो येतो, पाय टाकतो, काढतो, पुन्हा टाकतो. कोपऱ्यावरचा मुलगा त्याच्या डोळ्यांकडे बघत नाही, डोळे फसवतात. तो कमरेकडे बघतो. कमर ज्या पायावर कलली तो पाय जमिनीला खिळला, आणि पुढे आलेला दुसरा पाय हलका झाला. तो हलका पाय उचलला जाण्याआधी छाती खाली टाकून घोट्याला दोन्ही हातांची कडी घालायची आणि पाय आपल्या पोटाशी ओढायचा. पण एवढ्याने पकड होत नाही. चढाईपटू एका पायावर उड्या मारत मध्यरेषेकडे झेपावतो. त्या क्षणी शेजारच्या मध्यरक्षकाने त्याची वाट अडवून अंगावर घेतले तरच गुण मिळतो. त्याला अर्धा क्षण उशीर झाला तर चढाईपटू कोपऱ्यालाच फरपटत नेतो, रेषेला हात लावतो, आणि बाद होतो कोण? आपला कोपरा.

म्हणजे पकड एकट्याची नसते, ती जोडीची असते. कोपरा कधी झेपावणार, हे मध्यरक्षकाला त्याच्या खांद्याच्या हालचालीवरून कळावे लागते, आणि हे कळणे महिनोन्‌महिने शेजारी उभे राहून येते. आता सामन्याच्या दिवशी दुपारी बसमधून उतरलेला गडी बघा. त्याच्या शेजारचा मध्यरक्षक तुयेचा किंवा साखळीचा, त्याने या गड्याला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेले. बाहेरचा गडी ताकदीने झेप घेतो, घोटा त्याच्या हातात येतो, पण मदतीला कोणी पोचत नाही. हे मी एका उपांत्य सामन्यात पाचदा मोजले आहे. पाचही वेळा घोटा धरला, पाचही वेळा गुण समोरच्यांचे. घरी जाताना लोक म्हणत होते, गडी चांगला होता, आपल्या पोरांनी साथ दिली नाही! साथ द्यायला ओळख लागते, हे कोणी म्हटले नाही.

त्याच सामन्याला आमच्या बाकावर एक मुलगा बसला होता. डाव्या कोपऱ्याचा. तीन वर्षे त्याने संध्याकाळी शेतातल्या खळ्यावर सराव केला होता. गुडघ्याच्या जखमेची खपली निघायच्या आत पुन्हा खाली पडायचा. त्या दिवशी कपडे बदलून, पायाला पट्टी बांधून तो तयार होता. पंधरा मिनिटे आधी त्याला सांगितले, आज तू राखीव. त्याने पट्टी सोडली, नीट गुंडाळून पिशवीत ठेवली. सामना संपेपर्यंत तो मान खाली घालून बसून होता. आज तो मोप्याच्या विमानतळाच्या बाजूला रात्रपाळीच्या नोकरीवर आहे आणि सरावाला येत नाही. पुढच्या वर्षी त्याच मंडळाने म्हटले, कोपऱ्याला मुलगाच नाही, बाहेरून आणू या. मुलगा होता. तो त्यांनीच घालवला.

इथे विरोधक एक हुकमी पत्ता टाकतील. प्रो कबड्डीत काय चालते? इराणचा मोहम्मदरेझा शादलू डावा कोपरा खेळतो. 2023 च्या लिलावात पुणेरी पलटणने त्याला 2 कोटी 35 लाखांना घेतले आणि त्या हंगामाचे विजेतेपद मिळवले. पुढच्या हंगामात तो हरयाणा स्टीलर्सकडे गेला, विजेतेपदही हरयाणाकडे गेले. मग आपण आणले तर काय बिघडले? बिघडले हे की तिथे तो संघाबरोबर शिबिरात राहतो, त्याच मध्यरक्षकांच्या शेजारी रोज घाम गाळतो, आणि अख्खा हंगाम खेळतो. आपण त्याची वरवरची नक्कल करतो: पैसा तेवढा उचलला, सराव टाकून दिला. पण या उदाहरणातून घेण्यासारखी एक गोष्ट आहे, ती आमच्या देणगीदारांना दिसलीच नाही. देशातल्या सर्वांत श्रीमंत कबड्डी लीगने कोपऱ्याला दोन कोटींच्या वर मोजले. आपल्या गावच्या स्पर्धेत उत्कृष्ट चढाईपटूला सायकल आणि पाच हात उंच चषक. उत्कृष्ट पकडीला स्टीलची बादली. आणि मग विचारतात, कोपऱ्याला कोणी का उभे राहत नाही.

या निमित्ताने एक जुना वादही आठवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात माती की मॅट यावर मोठी हमरीतुमरी झाली होती. मी मातीच्या बाजूने होतो. आज म्हणतो, माझे चुकले. मोठे सामने मॅटवरच होतात आणि मातीत वाढलेला पाय तिथे घसरतो. पण तेव्हाही सगळा वाद पैसा कशावर घालायचा यावर झाला, मुले कुठे खेळणार यावर कोणी बोलले नाही. त्याच काळात पटसंख्येचे कारण दाखवून गावोगावच्या मराठी प्राथमिक शाळा एकेक बंद होत गेल्या. शाळा गेली तशी शाळेपुढची मोकळी जागाही गेली. मी हुतूतू पहिल्यांदा खेळलो तो अशाच अंगणात, मधल्या सुट्टीत. तिथे कोपऱ्याला कोण हा प्रश्नच नव्हता, मास्तर सगळ्यांना आळीपाळीने उभे करायचे. त्यातच खाणी 2012 साली थांबल्या, 2018 साली पुन्हा थांबल्या, तेव्हा डिचोलीतल्या किती घरांतली कर्ती मुले कामासाठी बाहेर पडली आणि किती संघ त्यापायी मोडले, हे त्या मंडपातल्या माणसांना माहीत नव्हते असे नाही. तरी त्यांना कारण सापडले ते शीत-कडीत.

मग करायचे काय? माझे उत्तर लांबलचक नाही. खेळाडू आणू नका, शिकवणारा आणा.

2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेकडे बघा. 1990 पासून 2014 पर्यंतची सातही सुवर्णपदके भारतीय पुरुषांची होती. जकार्तात इराणने उपांत्य फेरीत त्यांना 27-18 असे हरवले, आणि ते कोंडी करूनच. दुसऱ्या दिवशी इराणच्या महिलांनी अंतिम सामन्यात भारतीय महिलांना 27-24 असे हरवले. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. इराणने भारतातून कोपरे भाड्याने नेले नाहीत. एक बाई नेली, आणि मुली आपल्याच घडवल्या.

ज्या पैशात आपण एका मोसमात तीन गडी आणतो, त्या पैशात कोल्हापूरचा किंवा रायगडचा एखादा जाणता प्रशिक्षक पावसाळा संपल्यावर दोन महिने पेडण्यात आणि दोन महिने डिचोलीत ठेवता येईल. चौदा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाने पहिली दोन वर्षे आळीपाळीने कोपरा आणि मध्यरक्षण खेळावे, चढाई त्यानंतर. आमच्यासारखे जुने कोपरे गावोगावी आहेत, गुडघे दुखत असले तरी पाय कधी हलका होतो हे आम्हाला अजून दिसते, आम्हाला आठवड्यातून दोन संध्याकाळी बोलवा. आणि तालुक्याच्या स्पर्धांत सातांपैकी किमान पाच खेळाडू त्याच तालुक्यातले असावेत, असा नियम मंडळांनी आपसांत ठरवावा. याने पुढच्याच वर्षी चषक येईल असे मी म्हणत नाही. तीन वर्षे लागतील, कदाचित चार.

एक गोष्ट मात्र यंदाच करता येण्यासारखी आहे, आणि तिला एक रुपयाही जादा लागत नाही. चवथ झाली, भातकापणी आटोपली की तुमच्या गावात स्पर्धेची पत्रिका छापायला जाईल. ती जायच्या आधी मंडळाच्या सेक्रेटरीला गाठा, आणि उत्कृष्ट पकडीचे बक्षीस उत्कृष्ट चढाईएवढेच लिहून घ्या.